३०० उपकरणांना ४८० पत्ते का पुरले नाहीत? वसतिगृहाच्या वाय-फायचा प्रकरण अभ्यास

वसतिगृह चार मजली. मजल्यावर पंधरा खोल्या आणि खोलीत चौघे, म्हणजे एकूण २४० विद्यार्थी. ॲक्सेस पॉइंट १४, सगळे एका कंट्रोलरखाली. उपकरणांना आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीत विंडोज सर्व्हरवर चालतो आणि वसतिगृहातला लेयर-३ स्विच रिलेचे, म्हणजे मागण्या त्या सर्व्हरपर्यंत पोहोचवण्याचे, काम करतो. सबनेट, म्हणजे पत्त्यांचा पट्टा, १९२.१६८.०.०/२३; गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, १९२.१६८.०.१. पहिले तीस पत्ते स्विच, ॲक्सेस पॉइंट आणि प्रिंटरसाठी राखलेले. विद्यार्थ्यांना वाटायचा साठा, म्हणजे पूल, १९२.१६८.०.३१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत, म्हणजे बरोबर ४८० पत्ते. लीजची, म्हणजे पत्ता एका उपकरणाच्या नावावर राहण्याची, मुदत ८ दिवस. विंडोज सर्व्हरवर स्कोप बनवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेले की हीच मुदत लागते आणि बहुतेक ठिकाणी तिला नंतर कोणी हात लावत नाही.

ही मांडणी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत सर्रास आढळते. इथे ती एका जागी गोळा केली आहे. प्रकरण कोणा एका संस्थेचे नाही, आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे गोल धरले आहेत.

तक्रार अशी: रात्री जेवणानंतर, साधारण नऊ ते साडेअकरा, वाय-फाय 'मिळत नाही'. आधीपासून जोडलेल्यांचे सुरळीत चालते, पण मेसमधून किंवा लायब्ररीतून परत आलेल्यांचा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकतो. लॅपटॉपवर 'जोडलेले, इंटरनेट नाही' असे दिसते आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवली की १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता समोर येतो. काहींनी स्वतःच जुगाड शोधलेला: सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१.२०० सारखा पत्ता हाताने टाकायचा. तो चालतोही, काही दिवस.

रेक्टरकडे ही तक्रार 'रेंज नाही' अशी पोहोचते आणि उपाय म्हणून आणखी दोन ॲक्सेस पॉइंटचे कोटेशन मागवले जाते. तो खर्च पाण्यात गेला असता. रेंज नसेल, तर फोन जोडलाच जात नाही. पासवर्ड चुकला, तर प्रमाणीकरणापाशी अडतो. प्रमाणीकरण पार करून फोन पत्त्यावर अडला, तर रेडिओचा दोष बहुतेक वेळा नसतोच. १६९.२५४ चा पत्ता म्हणजे लॅपटॉपने डीएचसीपीला हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःपुरता एक पत्ता घेतला. ओ का दिली नाही, हे शोधायचे.

पहिली मोजणी

अशा प्रसंगी आधी दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे, तेही तक्रारीच्याच वेळी: कंट्रोलरवर जोडलेली उपकरणे आणि डीएचसीपी सर्व्हरवर वाटलेली लीज. रात्री साडेदहाला कंट्रोलर दाखवतो ३००. सर्व्हर दाखवतो ४८० पैकी ४८०. म्हणजे १८० पत्ते अशा उपकरणांच्या नावावर आहेत, जी त्या क्षणी वसतिगृहाच्या वाय-फायवर नाहीतच.

पुरावा सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये असतो. विंडोज डीएचसीपीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळ एका क्रमांकाने सुरू होते: १० म्हणजे नवी लीज, ११ म्हणजे नूतनीकरण, १२ म्हणजे पत्ता परत केला, १३ म्हणजे पत्ता आधीच कोणीतरी वापरत असल्याचे आढळले, १४ म्हणजे पूल संपल्यामुळे मागणी पुरी करता आली नाही. नऊनंतर १४ च्या ओळींची रांग लागलेली असते. १२ ची ओळ मात्र क्वचितच सापडते. फोन खिशात घालून माणूस गेटबाहेर पडतो, तेव्हा फोन पत्ता परत करून जात नाही. सिग्नल तुटतो, बस. सर्व्हरच्या लेखी तो फोन पुढचे आठ दिवस इथेच आहे.

शहानिशा म्हणून रिलेच्या बाजूला वायरशार्क हे नेटवर्कची वाहतूक टिपणारे साधन लावून ६७ आणि ६८ या यूडीपी पोर्टवरची देवघेव पाहिली की चित्र स्पष्ट होते. सुरळीत असताना चार टप्पे दिसतात: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. इथे नुसतेच डिस्कव्हर, पुन्हा डिस्कव्हर, आणि ऑफर नाही. मात्र अधूनमधून एखाद्या डिस्कव्हरला भलत्याच पत्त्यावरून ऑफर येते. त्याकडे पुढे येऊच. तो दुसरा आजार आहे आणि दोन्ही एकत्र असले की निदान भरकटते.

चार नावे, चार ओळखी

आता मुख्य प्रश्न. २४० विद्यार्थ्यांचे २४० फोन आणि सुमारे १६० लॅपटॉप धरले, तर ४०० उपकरणे. आठ दिवसांत ही सगळी येऊन गेली, तरी ४८० चा पूल पुरायला हवा. आणि पुरतही होता. कोणी काही बदलले नाही, तरी तो कमी पडू लागला.

उत्तर लीजच्या यादीतल्या मॅक पत्त्यांत, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ज्याने ओळखले जाते त्या क्रमांकांत, आहे. मॅकमधला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने स्वतः बनवलेला असतो. यादी या खुणेने गाळली की फोनांच्या जवळजवळ सगळ्या नोंदी अशाच निघतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर आपला खरा मॅक न सांगता बनावट मॅक वापरतात. वापरणाऱ्याचा माग काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. पण हा बनावट मॅक नेटवर्कच्या नावागणिक, म्हणजे एसएसआयडीगणिक, वेगळा असतो.

आणि या वसतिगृहात एसएसआयडी चार आहेत: 'हॉस्टेल-१' ते 'हॉस्टेल-४', मजल्याला एक. कोणत्या मजल्यावर अडचण आहे ते चटकन कळावे, म्हणून कधीतरी तसे ठेवले गेले. चारही एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच कप्प्यात, आणि एकाच पूलवर. जुन्या फोनांच्या काळात यात काही बिघडत नव्हते. तळमजल्यावरचा फोन तिसऱ्या मजल्यावर गेला, तरी मॅक तोच, म्हणून सर्व्हर त्याला त्याचाच पत्ता परत द्यायचा. आता तोच फोन 'हॉस्टेल-१' वर एका नावाने येतो, तर 'हॉस्टेल-३' वर दुसऱ्या. सर्व्हरला ती दोन उपकरणे वाटतात आणि दोन्हींच्या नावावर आठ-आठ दिवस पत्ते अडकतात.

हिशेब जुळतो. मूळ ४०० उपकरणे, आणि २४० पैकी फक्त ८० फोन आठवड्यात एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाऊन आले, की ४८० भरले. परीक्षेच्या तोंडावर, जेव्हा नोट्ससाठी सगळ्या मजल्यांवर ये-जा असते, तेव्हा पूल आणखी लवकर भरतो. पाहुणे आणि मेसमध्ये जेवायला येणारे बाहेरचे विद्यार्थी यांना धरलेलेच नाही.

पूल किती मोठा हवा, याचे उत्तर 'एका वेळी किती जण जोडलेले असतात' या आकड्यात मिळत नाही. लीजच्या मुदतीत किती वेगवेगळे मॅक येऊन जातात, तो आकडा धरायचा. मुदत आठ दिवस असेल, तर आठ दिवसांचे वेगळे मॅक. एक तास असेल, तर त्या तासाचे. ॲक्सेस पॉइंटच्या जाहिरातीत जोडलेल्या उपकरणांचीच संख्या ठळक छापलेली असते, म्हणून खरेदीच्या बैठकीत सगळी चर्चा तिच्याभोवतीच फिरते.

त्या रात्रीपुरता उपाय

दुरुस्तीचा पहिला भाग लगेच करता येतो, पण त्यात तीन खाचा आहेत.

एक, सर्व्हरवर मुदत आठ दिवसांवरून कमी केली, तरी आधी दिलेल्या लीज तशाच राहतात. ज्या फोनला आठ दिवसांची लीज मिळाली आहे, तो निम्मी मुदत उलटल्यावर, म्हणजे चौथ्या दिवशी, नूतनीकरण मागतो. तेव्हा त्याला नवी मुदत मिळते. जो फोन आता येतच नाही, त्याची जुनी लीज पूर्ण आठ दिवस बसून राहते. म्हणजे आज मुदत बदलून आज रात्री फरक दिसणार नाही.

दोन, म्हणून शिळ्या लीज हाताने पुसाव्या लागतात. पण सरसकट नाही. जोडलेल्या फोनची लीज सर्व्हरवरून पुसली, तरी फोनला त्याची खबर नसते. तो पत्ता वापरतच राहतो, सर्व्हर तोच पत्ता दुसऱ्याला देतो आणि एका पत्त्यावर दोघे बसतात. कंट्रोलरवरून मागच्या तीन दिवसांत न दिसलेल्या मॅकची यादी काढायची आणि फक्त तेवढ्याच लीज पुसायच्या. परत आलेले उपकरण जुना पत्ता मागेल. तो दुसऱ्याला गेला असला, तर सर्व्हर नकार देईल आणि उपकरण नव्याने सुरुवात करेल. त्यात काही नुकसान नाही. या काळात सर्व्हरवरची 'कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन' १ वर ठेवावी. पत्ता देण्याआधी सर्व्हर तिथे एकदा पिंग करून पाहतो. त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण फायरवॉल असलेली कितीतरी उपकरणे पिंगला उत्तरच देत नाहीत.

तीन, विंडोज सर्व्हर मुदत संपलेली लीज लगेच मोकळी करत नाही. वर चार तासांची सवलत देतो. घड्याळे मागेपुढे असतील, उपकरण थोडा वेळ बंद असेल, अशा विचाराने ती ठेवलेली आहे. त्यामुळे 'एक तासाची लीज केली' म्हणून खूश झालेल्या माणसाला पत्ते प्रत्यक्षात पाच तासांनी मोकळे होताना दिसतात. ही सवलत रजिस्ट्रीतल्या 'लीजएक्स्टेन्शन' या मूल्याने मिनिटांत बदलता येते. पाहुण्यांच्या नेटवर्कला ती कमी करणे भागच आहे. राहत्या विद्यार्थ्यांच्या नेटवर्कला तशी गरज नाही.

लीज पुसताना यादीत 'बॅड ॲड्रेस' अशा नोंदीही दिसतील. हाताने पत्ता टाकण्याच्या जुगाडाचे हे फळ. सर्व्हर १९२.१६८.१.२०० कोणाला तरी देतो, घेणारा फोन वापरण्याआधी एआरपीने, म्हणजे 'हा पत्ता कोणाचा?' असे नेटवर्कवर विचारून, चाचपतो, तिथे आधीच कोणी बसलेले दिसते, म्हणून तो पत्ता नाकारतो. सर्व्हर तो पत्ता बाद म्हणून बाजूला ठेवतो आणि पूल आणखी एकाने घटतो. पत्ते कमी पडले की जुगाड वाढतो आणि जुगाडाने पत्ते आणखी कमी पडतात. बहुतेक कंट्रोलरवर 'डीएचसीपीने मिळालेला पत्ता असेल तरच जाऊ द्या' अशी सोय असते. ती चालू करावी. पण पूल मोठा केल्यानंतर. आधी केली, तर ज्यांचे कसेबसे चालले आहे त्यांचेही बंद पडेल आणि रेक्टरचा फोन रात्रभर वाजेल.

परका सर्व्हर

आता त्या भलत्या ऑफरकडे. एखाद्या खोलीत भिंतीवरच्या लॅन सॉकेटला विद्यार्थ्याने घरून आणलेला राउटर लावलेला असतो. केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टमध्ये जायला हवी, ती लॅन (आतल्या) पोर्टमध्ये गेली. आता त्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर अख्ख्या व्हीलॅनला पत्ते वाटू लागतो. कॉलेजचा सर्व्हर रिलेपलीकडे मुख्य इमारतीत, हा मात्र त्याच मजल्यावर. त्यामुळे त्याची ऑफर बहुधा आधी पोहोचते आणि फोन आधी आलेली ऑफर घेतो. कॉलेजचा पूल संपलेला असेल, तर प्रश्नच मिटला.

इथे जुन्या सबनेटची निवड अंगाशी येते. घरगुती राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ घेऊन येतात. पहिला पत्ता हाच वसतिगृहाचा गेटवे. म्हणजे तो राउटर नुसते चुकीचे पत्ते वाटत नाही, तर गेटवेच्या पत्त्यावरच हक्क सांगतो. मग ज्यांच्याकडे वैध लीज आहे, त्यांचेही नेट जाते-येते, कारण गेटवे कोणाचा मॅक म्हणायचा यावर त्यांची एआरपी नोंद हेलकावे खात असते. दोन्ही आजारांतला फरक इथेच ओळखता येतो: पूल संपला, तर फक्त नव्याने येणारे अडतात. आधीपासून जोडलेल्यांचेही तुटत असेल, तर गेटवेच्या मॅकची नोंद तपासावी.

राउटर शोधणे सोपे आहे. बिघडलेल्या लॅपटॉपवर गेटवेचा मॅक पाहायचा, स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो कोणत्या पोर्टवर आहे ते पाहायचे, आणि पॅच पॅनेलवरच्या क्रमांकावरून खोली कळते. पॅच पॅनेलवर क्रमांक लिहिलेले असतील, तर.

कायमचा बंदोबस्त म्हणजे स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग: रिलेकडे जाणारा अपलिंक तेवढा विश्वासाचा, बाकी सगळी पोर्ट अविश्वासाची. अविश्वासाच्या पोर्टवरून आलेली ऑफर स्विच पुढे जाऊ देत नाही. सोबत एआरपी तपासणीही चालू करावी. नुसत्या स्नूपिंगने गेटवेच्या पत्त्यावरचा खोटा हक्क थांबत नाही. स्नूपिंग चालू करताना दोन ठेचा हमखास लागतात. सिस्कोच्या स्विचवर ते चालू केले की स्विच विद्यार्थ्याच्या मागणीत पर्याय ८२ घालतो, म्हणजे मागणी कोणत्या पोर्टवरून आली ती खूण. पुढचा रिले अशी खूण असलेली, पण रिलेचा पत्ता शून्य असलेली मागणी संशयास्पद समजून टाकून देतो. परिणाम असा की सुरक्षेसाठी एक ओळ टाकली आणि कोणालाच पत्ता मिळेना. खालच्या स्विचवर खूण घालणे बंद करावे, किंवा रिलेला अशा मागण्या स्वीकारायला सांगावे.

दुसरी ठेच दर सेकंदाच्या मर्यादेची. अविश्वासाच्या पोर्टवर सेकंदाला १५ डीएचसीपी पॅकेट ही मर्यादा नमुना कॉन्फिगरेशनमधून उचलून टाकली जाते. एका लॅपटॉपच्या पोर्टला ती ठीक आहे. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टमागे मात्र पंचवीस-तीस फोन असतात. वीज जाऊन आली की सगळे एकदम मागणी करतात, मर्यादा ओलांडली जाते, स्विच हल्ला समजून ते पोर्टच बंद करतो आणि अख्खा पट्टा अंधारात जातो. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर मर्यादा १०० च्या आसपास ठेवावी आणि बंद पडलेले पोर्ट आपोआप पुन्हा चालू होण्याची सोय करावी.

नवी आखणी

पत्ते निवडताना केवळ संख्या पाहून चालत नाही; विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये आधीच कोणते सबनेट नांदत आहेत तेही पाहावे लागते. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० घरगुती राउटरांचे. १७२.१७.०.०/१६ डॉकरचे. १९२.१६८.५६.० व्हर्च्युअलबॉक्सचे, १९२.१६८.१२२.० लिनक्सच्या लिब्व्हर्टचे, १९२.१६८.१३७.० विंडोजच्या हॉटस्पॉटचे, १७२.२०.१०.० आयफोनच्या हॉटस्पॉटचे. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात १७२.१७ निवडले, तर डॉकर टाकलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर नेट अर्धवट चालेल आणि कारण शोधायला आठवडा जाईल. म्हणून १० च्या मालिकेतला, शून्य आणि एक टाळून, मधलाच एखादा तुकडा घ्यावा. इथे १०.४६.८.०/२२ घेतला: वापरता येण्याजोगे १०२२ पत्ते, पहिले ५० राखीव, पूलमध्ये ९७२.

हा आकडा माणशी तीन उपकरणे धरून आला: ७२०, आणि वर शंभर वाढीव, म्हणजे ८२०. उरलेले मोकळे राहू द्यावेत. खासगी पत्ते फुकट असतात, त्यांची काटकसर करण्यात काही हशील नाही. मोठा सबनेट घेतला की ब्रॉडकास्ट (सर्वांना एकदम मारलेली हाक) वाढतो, असा आक्षेप येतो. ब्रॉडकास्ट वाढतो तो प्रत्यक्ष बोलणाऱ्या उपकरणांमुळे. पूलमध्ये मोकळे पत्ते किती पडून आहेत, याने फरक पडत नाही. हवेत ब्रॉडकास्ट महाग पडतो हे खरे, कारण तो सर्वांत कमी मूलभूत वेगाने पाठवला जातो, २.४ गिगाहर्ट्झवर जुने वेग चालू ठेवले असतील, तर तो सेकंदाला अवघा १ मेगाबिट असतो. त्यावर इलाज म्हणजे जुने वेग बंद करणे, ॲक्सेस पॉइंटला एआरपीची उत्तरे परस्पर द्यायला लावणे आणि विद्यार्थ्यांची उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवणे.

मजल्याला वेगळा सबनेट हा पर्याय कागदावर नीटनेटका दिसतो. तो घेऊ नये. सिग्नल स्लॅबमधून वर-खाली झिरपतो. जिन्यात उभा असलेला फोन एका मजल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, पत्ता मात्र जुन्याच सबनेटचा घेऊन बसतो आणि चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो.

एसएसआयडी चारऐवजी एकच, सगळ्या मजल्यांना. एवढ्या एका बदलाने फोनची एकच ओळख उरते. तीही खुल्या नेटवर्कवर आणि लॉगिनच्या पानावर न ठेवता प्रत्येकाच्या स्वतःच्या यूजरनेम-पासवर्डने, म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझने. खुल्या नेटवर्कवर रस्त्याने जाणारा, कधीकाळी जोडलेला फोनही लॉगिनच्या आधीच पत्ता घेऊन जातो. शिवाय आयओएस १८ पासून आयफोन कमकुवत सुरक्षेच्या नेटवर्कवर बनावट मॅक अधूनमधून बदलतो, तर डब्ल्यूपीए२ किंवा त्याहून चांगल्या सुरक्षेच्या नेटवर्कवर तो स्थिर ठेवतो. ऑफिसात रजिस्टरमध्ये प्रत्येकाचा मॅक लिहून घेऊन त्यावर पत्ता बांधण्याची पद्धत अजून कितीतरी वसतिगृहांत चालते. बनावट मॅकच्या काळात ती कारकुनाची नुसती दमछाक आहे.

एंटरप्राइझला जाताना सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तयारी आधी करावी. अँड्रॉइड ११ नंतरच्या बऱ्याच फोनांत 'सर्टिफिकेट तपासू नका' हा पर्याय मिळत नाही, त्यामुळे सर्व्हरचे डोमेन नाव भरावे लागते. ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून नोटीस बोर्डावर लावले की निम्म्या शंका मिटतात.

मुदत विद्यार्थ्यांना १२ तास, पाहुण्यांच्या वेगळ्या एसएसआयडीला आणि वेगळ्या पूलला १ तास. सर्वत्र एक तासच का नाही? सर्व्हरवर ताण येईल, हे कारण आता लंगडे आहे. ८२० उपकरणांनी दर अर्ध्या तासाला नूतनीकरण मागितले, तरी मिनिटाला २७ मागण्या होतात. कोणताही सर्व्हर त्या पेलतो. खरा धोका सर्व्हर बंद पडण्याचा आहे. एक तासाच्या लीजमध्ये फोनच्या हातात कोणत्याही क्षणी कमीत कमी अर्ध्या तासाची मुदत असते. मुख्य इमारतीची वीज गेली आणि यूपीएसने अर्ध्या तासात मान टाकली, की वसतिगृहातली नेट चालू असलेली उपकरणेही एकेक करून पत्ता सोडू लागतात. बारा तासांच्या लीजमध्ये हीच उसंत कमीत कमी सहा तासांची असते. रात्री दोनला सर्व्हर पडला, तर सकाळी आठपर्यंत निभावते.

बदलाची रात्र निवडताना सुट्टीचा आदला दिवस टाळून पहाटेची वेळ घ्यावी. नवा व्हीलॅन, त्याचा गेटवे, रिले आणि स्कोप आधीच तयार ठेवून एका ॲक्सेस पॉइंटवर तपासावा. मग कंट्रोलरवर नवा एसएसआयडी चालू करून जुने चार बंद करावेत. हा सर्व्हर विंडोजचा आहे. लिनक्सवर जुना आयएससी डीएचसीपी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: कॉन्फिगरेशनमध्ये 'ऑथॉरिटेटिव्ह' ही ओळ नसेल, तर अनोळखी सबनेटचा पत्ता मागणाऱ्याला तो सर्व्हर नकारही देत नाही, गप्प राहतो आणि उपकरण ताटकळते. तसाही तो सर्व्हर २०२२ च्या अखेरीस निवृत्त झाला. नवी उभारणी त्याच संस्थेच्या कीया या सर्व्हरवर करावी.

कोणाच्या नावावर कोणता पत्ता

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली ठेवायची आहेत. विंडोज डीएचसीपीचा ऑडिट लॉग मात्र वाराच्या नावाने लिहिला जातो: सोमवारची फाइल पुढच्या सोमवारी पुसून नवी सुरू होते. म्हणजे हाती फक्त सात दिवस. रोज पहाटे आदल्या दिवसाची फाइल तारखेच्या नावाने दुसरीकडे कॉपी करणारे छोटे काम टास्क शेड्यूलरमध्ये टाकले की पुरे.

पण डीएचसीपीचा लॉग फक्त पत्ता आणि मॅक सांगतो, आणि मॅक तर बनावट. माणसापर्यंत पोहोचायला रेडियसची, म्हणजे यूजरनेम-पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरची, हिशेब नोंद लागते: यूजरनेम, मॅक, वेळ, पत्ता. यातही एक खाच आहे. प्रमाणीकरण आधी होते आणि पत्ता नंतर मिळतो, म्हणून रेडियसच्या 'सुरुवात' नोंदीत पत्त्याचा रकाना बहुधा रिकामा असतो. मधल्या नोंदी दर दहा मिनिटांनी पाठवण्याची सोय कंट्रोलरवर चालू करावी. त्यांत पत्ता येतो. तिसरा धागा नॅटचा, म्हणजे अनेक खासगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्याच्या सोयीचा. सगळे वसतिगृह बाहेर एक-दोन सार्वजनिक पत्त्यांनीच दिसते. चौकशीचे पत्र येते तेव्हा त्यात सार्वजनिक पत्ता आणि वेळ असते. सोर्स पोर्ट, म्हणजे त्या जोडणीचा पाठवणाऱ्या बाजूचा क्रमांक, नसेल, तर त्या क्षणी त्या पत्त्यामागे असलेल्या तीनशे जणांतून एकाकडे बोट दाखवता येत नाही. अशा वेळी पोर्ट विचारून घ्यावा, अंदाजाने नाव देऊ नये. आपल्या बाजूने नॅटचा लॉग पोर्टसह ठेवावा.

आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल, तर हा सगळा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ सर्व्हरने एकेकट्याला वाटलेला पत्ता घेत नाही. राउटर नेटवर्कवर करत असलेल्या घोषणेवरून स्वतःच पत्ते बनवतो, तेही एकाहून अधिक. तिथे गेटवेच्या शेजार-नोंदी (कोणता पत्ता कोणत्या मॅकचा) दर काही मिनिटांनी टिपून ठेवणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

बदलानंतर काय पाहायचे

आठवडाभर रोज रात्री साडेदहाला तीन आकडे टिपावेत: जोडलेली उपकरणे, चालू लीज आणि वेगवेगळी यूजरनेम. लीज जोडलेल्यांच्या दुप्पटच्या पुढे जाऊ लागल्या, तर ओळखी पुन्हा वाढत आहेत असे समजावे. कोणीतरी 'तात्पुरता' म्हणून दुसरा एसएसआयडी त्याच व्हीलॅनवर सोडला आहे का, ते आधी पाहावे.

चौथी गोष्ट सहज नजरेतून सुटते: नूतनीकरणाची वेळ. बारा तासांच्या लीजमध्ये ११ क्रमांकाच्या नोंदी पत्ता दिल्यापासून साधारण सहा तासांनी दिसायला हव्यात. त्या साडेदहा तासांनी दिसत असतील, तर एक मार्ग बंद आहे. निम्म्या मुदतीला उपकरण सर्व्हरशी थेट बोलते. मुदतीचा सात-अष्टमांश भाग उलटल्यावरच ते पुन्हा ब्रॉडकास्टने हाक मारते आणि तेव्हा रिले मध्ये येतो. विद्यार्थ्यांच्या सबनेटमधून मुख्य इमारतीकडे जाणारी सगळी वाहतूक बंद करणारा नियम स्विचवर लिहिताना ब्रॉडकास्टला वाट ठेवली जाते, पण सर्व्हरच्या पत्त्यावरचे यूडीपी ६७ विसरले जाते. वापरणाऱ्यांना काही जाणवत नाही, कारण साडेदहाव्या तासाला काम होऊन जाते. मात्र सर्व्हर बंद पडल्यावर हाताशी असलेली सहा तासांची उसंत दीड तासावर आलेली असते. नकाराच्या ओळीच्या वर सर्व्हरच्या पत्त्याला यूडीपी ६७ ची परवानगी टाकावी. दुसऱ्या दिवशीच्या लॉगमध्ये नोंदी सहाव्या तासावर आलेल्या दिसतात.